रॉकेट ट्रकवरच का? (कत्युशा, ग्रॅड, पिनाका वगैरे)

चेसिस_नंबर (इंदूर):

मंडळी, प्रश्न साधा आहे. १५५ मिमीची तोफ ओढून न्यायला वेगळी गाडी लागते. जागेवर पोचल्यावर पाय पसरून ती जमिनीत रोवावी लागते, आणि इतकं करून तिच्या नळीतून एका वेळी एकच गोळा सुटतो. उलट एका ट्रकच्या पाठीवरून सोळा, बारा, अगदी चाळीस रॉकेटं काही सेकंदांत जातात आणि ट्रक जागेवर शाबूत राहतो. असं का?

मी ट्रकच्या बॉडीच्या धंद्यातला. पिठमपूरहून आलेल्या चेसिसवर हौदे चढवतो, त्यामुळे माझी नजर आधी चाकांकडे जाते. समजलं ते असं. तोफेत दारूचा स्फोट बंद नळीत होतो. गोळा जितक्या जोराने पुढे जातो तितकाच धक्का मागे बसतो आणि तो झेलायला जाड पोलाद, रिकॉइलचे सिलिंडर, जड गाडा हे सगळं आलं. रॉकेट आपलं इंजिन स्वतःबरोबरच घेऊन जातं. त्याचे वायू मागच्या तोंडातून मोकळे सुटतात. नळीला फक्त दिशा दाखवायची असते, म्हणून पातळ नळी चालते, नुसता रूळसुद्धा चालतो.

तरी ट्रकला काहीच होत नाही असं समजू नका. रशियन लोकांनी १९३८ च्या सुमारास पहिला घाट घातला तो असा: २४ रूळ ट्रकवर आडवे, म्हणजे मारा गाडीच्या कुशीतून. लोहामंडीतला कुठलाही मिस्त्री न विचारता सांगेल की गाडी कमान्यांवर डोलणार. तेच झालं. एक रॉकेट सुटलं की गाडी हलायची आणि पुढच्याचा नेम बिघडायचा. मग रूळ लांबीच्या दिशेने फिरवले, मागे दोन जॅक दिले, काचेवर लोखंडी झडप बसवली. आठ रूळ, प्रत्येकाच्या वर एक आणि खाली एक, अशी सोळा रॉकेटं. हीच बीएम-१३, म्हणजे कत्युशा. रॉकेट १३२ मिमी जाडीचं, साधारण ४२ किलो वजनाचं, पल्ला साडेआठ किलोमीटर. केबिनमध्ये बसून एक हँडल फिरवायचं. त्याने एकेक सर्किट जुळत जायचं आणि आठ-दहा सेकंदांत सगळी रॉकेटं बाहेर.

पहिला मारा १४ जुलै १९४१ ला, ओर्शा रेल्वे स्टेशनवर. कॅप्टन इव्हान फ्ल्योरोव्हच्या बॅटरीत सात गाड्या होत्या, म्हणजे एका झटक्यात ११२ रॉकेटं. स्टेशन सोव्हिएत भूमीवरचंच, पण जर्मनांच्या ताब्यात गेलेलं. हत्यार इतकं गुप्त की प्रत्येक गाडीत ती उडवून देण्यापुरती स्फोटकं ठेवलेली असत. ऑक्टोबरमध्ये व्याझ्माजवळ बॅटरी वेढ्यात सापडली, तेव्हा गाड्या उडवूनच दिल्या. फ्ल्योरोव्ह तिथेच गेला.

आता माझा मुद्दा. सुरुवातीचा ट्रक होता झिस-६. चाकांच्या तीन जोड्या, पण पुढची जोडी ओढणारी नाही. रशियाच्या चिखलात तो कसा चालत असेल याची कल्पना करा. पुढे अमेरिकेकडून मदत म्हणून स्टुडबेकर यूएस-६ आले, लाखाहून अधिक. तिन्ही जोड्या ओढणाऱ्या. १९४३ पासून कत्युशा त्यांच्यावर बसवणं हाच नियम झाला. रॉकेट होतं तेच राहिलं, गाडी बदलली आणि हत्यार जिथे हवं तिथे पोचायला लागलं. म्हणून मी म्हणतो, हे हत्यार मुळात ट्रकचं आहे. रॉकेट हा त्यावरचा माल.

जाणकारांनी बोलावं.

---

पुणेरी_टोमणा:

माल? बिल्टीवर काय लिहायचं, 'नाजूक वस्तू, सांभाळून उतरवणे'?

---

महूचे_आबा (महू):

चेसिसभाऊ, लेख झकास. शेवटचं वाक्य मात्र तोफखान्यातला माणूस मान्य करणार नाही. ट्रक तुम्हाला जागेवर नेतो आणि तिथून पळवतो. मधल्या वीस सेकंदांत जे होतं ते हिशेबावर अवलंबून असतं.

ग्रॅडचं उदाहरण घ्या. सोव्हिएत सैन्यात १९६३ ला आली, आपल्याकडेही आहे. उराल ट्रक, १२२ मिमीच्या ४० नळ्या, वीस सेकंदांत सगळ्या रिकाम्या, पल्ला वीस किलोमीटर. रॉकेटच्या शेपटीचे पंख नळीत दुमडलेले असतात आणि बाहेर पडताच उघडतात. नळीच्या आत एक वळणदार खाच असते, तिने रॉकेटला हळूहळू फिरकी मिळते.

आता जवळ मारायचं असेल तर? तोफेत दारूची थैली कमी करता येते. रॉकेटमधलं इंधन कमी कसं करणार? तर त्याच्या नाकावर एक कडं बसवतात. हवेचा अडथळा वाढतो आणि रॉकेट आधी पडतं. लहान कडं, मोठं कडं, अंतराप्रमाणे. पोरांना हे दाखवलं की हसतात, पण उपाय पक्का आहे.

आणि वारा. इथे नवखा हमखास फसतो. तोफेचा गोळा वाऱ्याबरोबर वाहतो. पंखवालं रॉकेट मात्र जळत असताना वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतं, कारण वारा शेपटीला ढकलतो. म्हणजे वारा डावीकडून असेल तर ते डावीकडे जातं. दिवाळीत बाटलीत लावलेलं रॉकेट वाऱ्यावर तिरकं होऊन शेजाऱ्याच्या गच्चीत जातं, तसंच. नळीतून निघताना त्याचा वेग अगदी कमी असतो, म्हणून त्या पहिल्या क्षणांतला वारा सगळ्यात महाग पडतो. इंजिन विझल्यावर ते पुन्हा गोळ्यासारखं वागतं. तेव्हा खालचा वारा वेगळा धरायचा, वरचा वेगळा. देवळालीत तोफखान्याच्या शाळेत हवामानाचे कागद आमच्याकडून घोटून घेतले जायचे ते उगाच नाही.

शत्रू कुठे आहे, आपण नेमके कुठे उभे आहोत, हवा कशी आहे, ही तीन उत्तरं नसतील तर तुमच्या उत्तम चेसिसवरून चाळीस रॉकेटं शेतात जातील.

---

राजवाडा_रात्री (इंदूर):

आबा, म्हणजे भिया, चाळीस सोडा, चार तरी लागतील असाच हिशेब ना?

---

महूचे_आबा:

साधारण तसाच, पण त्यामागे कारण आहे. तोफेचा पहिला गोळा पडला की समोरचा माणूस खंदकात जातो. दुसरा-तिसरा गोळा येईपर्यंत तो आडोशाला असतो. पुढच्या प्रत्येक गोळ्याचं काम पहिल्या गोळ्याच्या निम्मंही होत नाही. रॉकेटचा बहुतेक मारा माणूस आडोसा गाठायच्या आत उतरतो. म्हणून मोकळ्यावर जमलेली पलटण, उभ्या गाड्या, तोफांची ठाणी ही त्याची खरी लक्ष्यं.

पिनाकाचे आकडे बघा. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेलं, २१४ मिमीचं रॉकेट, एका लाँचरवर सहा-सहाचे दोन पॉड, म्हणजे नळ्यांच्या पेट्या. बारा रॉकेटं ४४ सेकंदांत. बॅटरीत सहा लाँचर, म्हणजे ७२ रॉकेटं. प्रत्येकाच्या तोंडाशी सुमारे १०० किलो. पाऊण मिनिटात सात टनांहून जास्त, चाळीसएक किलोमीटरवर. तोफांनी हे करायचं तर किती रेजिमेंटा लागतील ते मोजून बघ.

डोंगरात मात्र वेगळं. १९९९ ला कारगिलमध्ये ग्रॅड होत्या, पिनाकाही चाचणीच्या अवस्थेत असतानाच वर नेली होती. पण धारदार कड्यावर बसलेला शत्रू म्हणजे रेषेइतकं लक्ष्य. रॉकेट थोडं पुढे गेलं की पलीकडच्या दरीत. तिथे बोफोर्सने जे केलं ते रॉकेटने झालं नसतं, हे माझं मत. रॉकेटवाले मित्र भांडतील, भांडू दे.

---

ग्वाल्हेरकर:

एवढी चर्चा झाली आणि म्हैसूरचं नाव कुणीच घेतलं नाही? हैदर आणि टिपूच्या फौजेत लोखंडी नळीची रॉकेटं होती. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा प्रसाद मिळाला. श्रीरंगपट्टण पडल्यावर नमुने इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यावरून आपली रॉकेटं केली. आपल्या मराठी फौजांतही बाण आणि बाणदार होतेच. मूळ इथलं आहे, रशियन नंतर आले.

---

सायली_इं (इंदूर):

ग्वाल्हेरकर, म्हैसूरची गोष्ट खरी आहे. कागद-बांबूऐवजी लोखंडी कवच आल्याने आतला दाब वाढवता आला, हा मोठा टप्पा. पण तिथून कत्युशापर्यंत सरळ रस्ता नाही. एकोणिसाव्या शतकात आटे पाडलेल्या नळीच्या तोफा आल्या, त्या लांब आणि अचूक मारू लागल्या, आणि काळ्या दारूचं रॉकेट मागे पडलं. ते परत आलं धूरविरहित दारूमुळे. लेनिनग्राडमध्ये तिखोमिरोव्ह आणि आर्तेम्येव्ह या दोघांनी त्या दारूवरचं रॉकेट १९२८ मध्ये पहिल्यांदा उडवलं. एकसारखी जळणारी जाड कांडी करणं हेच अवघड काम होतं, तिथेच वर्षं गेली.

पुढचा भाग वाचवत नाही. मॉस्कोच्या ज्या संस्थेत कत्युशाचं काम झालं तिचे प्रमुख क्लेयम्योनोव्ह आणि मुख्य अभियंता लांगेमाक यांना जानेवारी १९३८ मध्ये, स्तालिनच्या धरपकडीत, गोळ्या घातल्या. श्रेय घेतलं आंद्रेई कोस्तिकोव्हने. दोघांना वीर म्हणून मान मिळाला तो थेट १९९१ ला. त्याच संस्थेतला सेर्गेई कोरोल्योव्ह छळछावणीतून जिवंत सुटला म्हणून पुढे स्पुटनिक उडालं.

आता आबांना एक प्रश्न. "मोकळ्यावर जमलेली पलटण" हे पाठ्यपुस्तकात ठीक. जानेवारी २०१५ मध्ये युक्रेनमधल्या मारियुपोलच्या एका वस्तीवर ग्रॅड आणि तिच्याहून मोठ्या उरागानची रॉकेटं पडली, तीसेक माणसं गेली. तिथे कुठली पलटण बाजारात उभी होती? २००६ ला हिज्बुल्लाने उत्तर इस्रायलमध्ये चारेक हजार रॉकेटं सोडली, त्यांत १२२ मिमीची भरपूर. त्याच युद्धात इस्रायलने दक्षिण लेबनॉनवर अमेरिकी एम-२६ रॉकेटं सोडली. एकेका रॉकेटात ६४४ छोटे बॉम्ब, त्यातले न फुटलेले वर्षानुवर्षं शेतांत, ऑलिव्हच्या बागांत सापडत राहिले. दोन्हीकडे हत्यार तेच करत होतं जे करायला ते बनवलं: सगळीकडे पडणं.

आणि हे फक्त परक्यांचं नाही. पिनाकाचा दारूगोळा आणि सॉफ्टवेअर मिळून १०,१४७ कोटींचे करार फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले, त्यात छोटे बॉम्ब विखुरणारी रॉकेटंही आहेत. अशा बॉम्बांवर बंदी घालणारा २००८ चा करार भारताने केलेला नाही. अमेरिका, रशिया, इस्रायल, पाकिस्तान यांनीही नाही. देशाला ते का हवे असतात हे मला कळतं. पण धाग्यावर नुसते आकडे मोजत बसायचं असेल तर हेही मोजा.

---

महूचे_आबा:

सायलीताई, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. गावावर ग्रॅड सोडणारा अधिकारी अजाण नसतो. रॉकेट किती पसरतं याचे तक्ते त्याच्या हातात असतात. वीस किलोमीटरवर लांबी-रुंदीत किती फरक पडणार हे त्याला मारा करण्याआधी माहीत असतं. त्यामुळे "चुकून पडलं" हे मला कुणी सांगू नये. वस्तीजवळ शत्रू असेल तर तोफ वापरावी, नेम धरणारी रॉकेटं वापरावी, नाहीतर थांबावं. न फुटणाऱ्या बॉम्बांचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. पुढे आपल्याच पायदळाला त्या जमिनीवरून चालायचं असतं, हे लष्करातले लोकही आपसांत बोलतात.

---

चेसिस_नंबर:

सायलीताई, आकड्यांच्या नादात ती बाजू माझ्या लेखात आली नाही, तुम्ही आणलीत ते बरं केलंत.

आबांच्या "ट्रक फक्त नेतो आणि पळवतो" याला मात्र उत्तर आहे. पिनाका टाट्रावर बसते, आठही चाकं ओढणारी गाडी. आपला नेहमीचा ट्रक म्हणजे दोन लांब चॅनेल आणि मध्ये आडव्या पट्ट्या, शिडीसारखी फ्रेम. खड्ड्यात एक चाक गेलं की ती पिळते. मालाला फरक पडत नाही, मुद्दाम तशीच ठेवतात. पण वर लाँचर असेल तर फ्रेम पिळली की नेमही पिळला. टाट्राला शिडीच नाही. मधोमध एक जाड नळी, तीच गाडीचा कणा. चाकं फिरवणारे शाफ्ट त्या नळीच्या आतून जातात, आणि दोन्ही बाजूंचे अर्धे एक्सल आपापले वरखाली होतात. चाकं कितीही नाचोत, कणा पिळत नाही. इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही. राजस्थानात उकळायला काही नाही, लडाखात गोठायला काही नाही.

चेकोस्लोव्हाकियाने १९७२ मध्ये आरएम-७० केली तीही टाट्रावरच. नळ्या ग्रॅडच्याच चाळीस, पण केबिन आणि लाँचर यांच्या मध्ये आणखी चाळीस रॉकेटांचा साठा. रिकाम्या नळ्या मागे आणायच्या, यंत्राने एकदम भरायच्या, दुसरा मारा तयार. ही करामत उरालवर का नाही झाली? तेवढं ओझं पेलणारी चेसिस नव्हती म्हणून.

---

महूचे_आबा:

हे मान्य. फ्रेम पिळण्याचं तुम्ही सांगितलंत ते आम्ही फक्त "जॅक नीट टेका" एवढ्यावर सोडायचो.

पण खरा बदल झाला तो गाडीला स्वतःची जागा कळायला लागली तेव्हा. ग्रॅडच्या जमान्यात आधी सर्व्हेवाले जाऊन बिंदू पक्का करणार, दिशा लावणार, मग गाड्या उभ्या राहणार. पिनाकाच्या लाँचरमध्ये दिशा-स्थान सांगणारी यंत्रणा आतच आहे. गाडी थांबली की ती कुठे आहे आणि तोंड कुठे आहे हे तिचं तिलाच ठाऊक. मारा करायचा आणि समोरच्याच्या रडारने रॉकेटांचा माग काढून उत्तर द्यायच्या आत निघायचं. आपल्याकडेही असा माग काढणारं 'स्वाती' रडार आहे, तेव्हा हे दोन्हीकडून चालतं.

दुसरा बदल रॉकेटच्या नाकात. तिथे छोटे पंख आणि उपग्रहाकडून दिशा घेणारी यंत्रणा बसली की सगळीकडे पडणारं हत्यार एका खिडकीत जायला लागतं. अमेरिकेचं हायमार्स हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. सोळाएक टनांची गाडी, तीन माणसं, सहाच रॉकेटं, पल्ला सत्तर किलोमीटरच्या वर. २०२२ च्या जूनमध्ये युक्रेनला मिळालं आणि त्यांनी ते खंदकांवर वाया घालवलं नाही. दारूगोळ्याची कोठारं उडवली, खेरसोनजवळचा अंतोनिव्स्की पूल भोकं पाडून जड गाड्यांना बंद केला. रशियनांना कोठारं मागे हलवावी लागली, आणि रोजचा तोफगोळा पोचवायला त्यांच्या ट्रकच्या खेपा लांबल्या. चेसिसभाऊ, हा मुद्दा तुमच्या बाजूचा.

आपल्या नेम धरणाऱ्या पिनाकाच्या चाचण्या नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाल्या. पल्ला ७५ किलोमीटरच्या आसपास. सायलीताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर त्यात आहे, पण अर्धंच. उपग्रहाचे संकेत बिघडवता येतात, रशियाने ते युक्रेनमध्ये केलं आणि हायमार्सचा नेम पूर्वीसारखा राहिला नाही. शिवाय असं रॉकेट महाग. पैसे संपले की सगळे पुन्हा साध्या रॉकेटकडे येतात.

---

राजवाडा_रात्री:

आबा, ते पळून जाण्याचं ठीक. पण वर ड्रोन घिरट्या घालत असेल तर पळून जाणार कुठे? ट्रक काय गल्लीत घुसतो का?

---

महूचे_आबा:

हाच आजचा कळीचा प्रश्न आहे, बाळा. पूर्वी जागा सोडली की सुटलात. आता ड्रोन मागोमाग येतो आणि गाडी कुठे दडते ते बघतो. मार्च २०२४ मध्ये दोनेत्स्क भागात एक हायमार्स असंच गाठलं गेलं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. म्हणून आता गाडी दिवसभर झाडीत, शेडमध्ये, जाळ्यांखाली. बाहेर यायचं ते मारा करण्यापुरतं, तेही पुन्हा भरण्याची जागा वेगळी ठेवून. भरताना गाडी सगळ्यात उघडी असते. तिथे क्रेन लागते, दुसरा ट्रक येतो, माणसं खाली उतरतात. पिनाका आणि हायमार्समध्ये एकेक रॉकेट न भरता अख्खा पॉड बदलतात, त्याचं कारण हेच. हायमार्सला तर उचलायची यंत्रणा गाडीवरच आहे.

---

पुणेरी_टोमणा:

म्हणजे शेवटी पार्किंगचा प्रश्न. पुण्यात येऊन प्रशिक्षण घ्या.

---

चेसिस_नंबर:

दडण्यावरून एक राहिलं. युक्रेनने २०२२ च्या उन्हाळ्यात लाकडाचे खोटे हायमार्स बनवून उभे केले होते. वरून ड्रोनला खऱ्यासारखे दिसायचे, आणि रशियाने त्यांच्यावर समुद्रातून खरी कालिब्र क्रूझ क्षेपणास्त्रं खर्च केली, निदान दहा तरी. अमेरिकी वर्तमानपत्रांत तेव्हा छापून आलं होतं. फोटो पाहिले तेव्हा मी आधी केबिनच्या खिडकीचा कोन आणि मागच्या पेटीची उंची बघितली. प्रमाण बरोबर होतं. कुणा चांगल्या बॉडी-मिस्त्रीचा हात लागलेला दिसतो.

---

ग्वाल्हेरकर:

आणि त्याची बिल्टी?

---

चेसिस_नंबर:

लाकूड, घनफुटाच्या भावाने. मजुरी वेगळी.